इंटरनेटची तार कोणाच्या दारी?

कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला. तेव्हापासून आगगाड्या चिखलोलीच्या शिवारातून धावत आहेत. परंतु अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या या गावी थांबण्याचे कारण रेल्वेला दीड शतकाहून अधिक काळ दिसले नाही. कल्याण-बदलापूर दरम्यानच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गाच्या योजनेत चिखलोली स्थानकाला मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे, म्हणजे गावाभोवती इमारती उभ्या राहून पुरेसे प्रवासी दिसू लागल्यावर. मार्ग दारावरून जातो म्हणून त्याचा लाभ दारातल्या माणसाला मिळतोच असे नाही, हा धडा या परिसराने रेल्वेच्या बाबतीत घेतला आहे. आता इंटरनेटच्या बाबतीत तोच धडा नव्याने गिरवण्याची पाळी चिखलोलीवर आणि तिच्यासारख्या शेकडो वस्त्यांवर आली आहे.

देशातील लोहमार्गांच्या कडेने प्रकाशतंतूंच्या तारांचे, म्हणजे ऑप्टिकल फायबरचे, जाळे विणण्यासाठी २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. खाजगी कंपन्यांच्या तारा महामार्गांच्या कडेने गेल्या. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना आणि उंच गृहसंकुलांना जोडण्या देण्यासाठी आज कंपन्यांत चढाओढ आहे. मात्र त्याच रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेले जुने गावठाण, चाळ किंवा डोंगराच्या पायथ्याचा आदिवासी पाडा यांच्या वाट्याला ही चढाओढ येत नाही. असे का होते, आणि ते टाळण्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ना गाव, ना शहर

सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याचे तिचे उद्दिष्ट होते. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने राज्याच्या पुढाकाराचा मार्ग पत्करला आणि ते काम 'महानेट' या नावाने हाती घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने या कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. २०२५ साली देशातील २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती सेवेसाठी सज्ज असल्याचे सरकारी आकडेवारी सांगते.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की 'सेवेसाठी सज्ज' आणि 'सेवा चालू' यांत अंतर आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार पोहोचली व तेथे यंत्र बसले, की ती ग्रामपंचायत सज्ज ठरते. तेथून शाळेपर्यंत, आरोग्य उपकेंद्रापर्यंत आणि घरांपर्यंत जाण्याचा टप्पा त्यानंतर उरतो, आणि तोच सर्वांत अवघड असतो. दुसरी गोष्ट आपल्या परिसराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या योजनेचा घटक ग्रामपंचायत हा आहे. जे गाव नगरपरिषदेच्या हद्दीत आले, तेथे ग्रामपंचायतच राहत नाही. आणि जेथे ग्रामपंचायत नाही, तेथे ग्रामीण ब्रॉडबँडची योजनाही नाही. चिखलोली अंबरनाथ नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. म्हणजे शासनाच्या लेखी ते शहर झाले. परंतु कंपनीच्या लेखी विरळ वस्ती, कच्चे रस्ते आणि बेताचे उत्पन्न असलेला प्रत्येक भाग गावच असतो, मग त्याची नोंद कोणत्याही दप्तरात असो. शासन गाव मानीत नाही आणि बाजारपेठ शहर मानीत नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत ठाणे जिल्ह्यातील किती वस्त्या असतील याची मोजदाद करायला हवी.

हद्दीचा हा खेळ या भागाला नवा नाही. लँडलाइन दूरध्वनीच्या काळात मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांचा कारभार महानगर टेलिफोन निगमकडे होता. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा त्या सीमेबाहेर राहिला. मुंबईचा संकेतांक ०२२ आणि आमचा ०२५१. रोज पहाटेच्या लोकलने मुंबईत जाऊन मुंबईचा कारभार चालविणारे हजारो कारकून, शिक्षक आणि कामगार संध्याकाळी दुसऱ्या संकेतांकात राहायला परतत असत. प्रशासनाने नकाशावर ओढलेली रेषा आणि माणसांच्या व्यवहाराची खरी रेषा या दोन्ही वेगळ्या असतात. सार्वजनिक सेवांची आखणी मात्र पहिल्या रेषेवरून होते.

खर्चाचे गणित

कंपन्या मुद्दाम कोणाला वगळतात असे नाही. त्यांचे गणित समजून घेतले पाहिजे. इंटरनेट पुरविण्याच्या खर्चाचा मोठा भाग हा सुरुवातीचा, स्थिर खर्च असतो: रस्ता खणणे, तार टाकणे, खांब उभारणे, यंत्रे बसविणे. एकदा तार पोहोचली की आणखी एक ग्राहक जोडण्याचा खर्च त्या मानाने फार थोडा असतो. उदाहरणादाखल असे धरू की एक किलोमीटर तार टाकण्यास पाच लाख रुपये लागतात. त्या तारेच्या टोकाला दोनशे सदनिकांची इमारत असेल आणि निम्म्या कुटुंबांनी जोडणी घेतली, तर दर जोडणीमागे पाच हजार रुपये पडतात. टोकाला वीस घरांचा पाडा असेल आणि तेथेही निम्म्यांनीच जोडणी घेतली, तर तोच खर्च पन्नास हजारांवर जातो. पाड्यावरच्या कुटुंबाचे उत्पन्न सदनिकेतील कुटुंबाहून कमी, आणि त्याला जोडण्याचा खर्च मात्र दसपट. अशा स्थितीत नफ्याच्या हिशेबाने चालणारी कोणतीही संस्था आधी कोठे जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

परंतु या हिशेबात समाजाला होणारा लाभ धरलेला नसतो. पाड्यावरची एक मुलगी घरी बसून प्रवेश परीक्षेची तयारी करू शकली, तर त्याचा लाभ तिच्या मासिक देयकात दिसत नाही. तो दहा वर्षांनी एखाद्या शाळेत, दवाखान्यात किंवा कार्यालयात दिसतो. ज्या सेवेचा सामाजिक लाभ तिच्या खाजगी मोबदल्याहून मोठा असतो, ती बाजारपेठेवर सोपविली तर गरजेपेक्षा कमी पुरविली जाते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त आहे.

याचे सर्वांत जुने आणि यशस्वी उत्तर आपल्या टपालखात्याने दिले आहे. १८५४ साली हिंदुस्थानात पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर ठरला, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. दूरच्या खेड्यात पत्र पोहोचविण्याचा खरा खर्च अर्थातच अधिक होता. तो शहरांतील टपालाच्या उत्पन्नातून भागविला जाई. परकीय सरकारलाही जे तत्त्व पटले, ते स्वतंत्र भारताने दूरसंचाराच्या बाबतीत निराळ्या रीतीने स्वीकारले. २००२ सालापासून दूरसंचार कंपन्यांच्या ठरावीक महसुलाचा पाच टक्के भाग 'सार्वत्रिक सेवा निधी'साठी घेतला जाऊ लागला. शहरी ग्राहकाच्या देयकातून ग्रामीण ग्राहकाची तार टाकली जावी, असा त्यामागील हेतू. खेदाची गोष्ट अशी की या आकारणीतून जमा झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे खर्चावाचून राहिला.

मोबाइल पुरेसा आहे काय?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. तो असा की आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, २०१६ नंतर त्याचे दरही खाली आले, मग तारेचा आग्रह कशासाठी? आक्षेप निराधार नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. २०२५ मधील पाहणीत देशातील ८६.३ टक्के कुटुंबांत घरी इंटरनेट असल्याचे आढळले. सात-आठ वर्षांतील ही वाढ थोडी म्हणता येणार नाही.

तथापि या वाढीचे स्वरूप पाहिले पाहिजे. २०२४ अखेर देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यांपैकी तारेने जोडलेले जेमतेम चार कोटींच्या घरात होते. बाकी सारा डोलारा मोबाइलच्या मनोऱ्यांवर उभा आहे. आणि ब्रॉडबँड म्हणजे तरी काय? २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले, २०१३ साली ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. आजच्या व्यवहारात २ मेगाबिट वेगावर एकच माणूस कसेबसे काम करू शकतो. व्याख्या सैल ठेवली की आकडे फुगतात, आणि आकडे फुगले की प्रश्न सुटल्याचा भास होतो.

मोबाइलवर चित्रपट पाहता येतो, निरोप धाडता येतो, पैसे देता येतात. परंतु त्यावर प्रबंध लिहिता येत नाही, लेखापालाचे काम शिकता येत नाही, तीन तासांची सराव परीक्षा निर्वेधपणे देता येत नाही. मनोऱ्याची क्षमता त्याच्या छत्राखालील सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी लोकलमधून माणसे घरी परतली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो, आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची वेळ नेमकी तीच असते. पत्र्याच्या घरात आणि डोंगराच्या आडोशाला संदेशलहरी मुळातच क्षीण होतात. शिवाय चार माणसांच्या कुटुंबात एकच चांगला फोन असेल, तर तो बहुधा कमावत्या पुरुषाबरोबर कामावर जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे ३३ टक्के आढळले. घरी तार असणे आणि घरातल्या एकाच्या खिशात फोन असणे यांतील फरक या दोन आकड्यांवरून ध्यानात यावा. थोडक्यात, मोबाइलने आपल्याला इंटरनेटचे ग्राहक केले. त्यावर काही निर्माण करण्याचे साधन अजून सर्वांच्या हाती आलेले नाही.

दरम्यान शासनाचा व्यवहार मात्र सर्वांच्या घरी वेगवान इंटरनेट असल्याचे गृहीत धरून चालतो. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांची आवेदनपत्रे, सातबाराचा उतारा, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी, २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सक्तीची झालेली ई-केवायसी, हे सारे इंटरनेटवर आले. रांगा गेल्या असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या कचेरीच्या दारातून उठून खाजगी सेवा केंद्रांच्या दारात गेल्या. ज्याच्या घरी तार आहे तो अर्ज फुकट भरतो आणि ज्याच्या घरी नाही तो एका दिवसाची मजुरी बुडवून, वर पैसे मोजून तोच अर्ज भरतो. गरिबावर बसणारा हा एक अप्रत्यक्ष कर आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात होत नाही.

वारणा आणि हरिसाल

महाराष्ट्राने या क्षेत्रात प्रयोग केले नाहीत असे नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशात त्याचा मोठा गाजावाजा झाला. शेतकरी गावातल्या केंद्रावर बसून बाजारभाव पाहील, शेतीचा सल्ला घेईल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ती केंद्रे मुख्यतः उसाच्या वजनाच्या, खतांच्या व देयकांच्या नोंदींपुरती वापरात राहिली. आणि काही वर्षांनी एका संशोधन प्रयोगात काही गावांतील संगणकाचे हे काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर भागू शकते असे दिसून आले. उलट बाजूने पाहता, जेवढे काम टिकले तेवढे टिकले ते साखर कारखान्याच्या रोजच्या व्यवहाराशी जोडलेले असल्यामुळे, हेही विसरता कामा नये.

मेळघाटातील हरिसालचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. धारणी तालुक्यातील हे गाव २०१६ च्या सुमारास देशातील पहिले 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून तेथे इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारसभांत जाहिरातीतील हरिसाल आणि प्रत्यक्षातील हरिसाल यांवरून मोठा वाद पेटला. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, हा येथे मुद्दा नाही. उद्घाटनासाठी निवडलेल्या एका गावावर सारा प्रकाशझोत टाकायचा आणि देखभालीची व्यवस्था मागाहून पाहू म्हणायचे, ही आपली कार्यपद्धतीच सदोष आहे. नळयोजना असो, सौरदिवे असोत की इंटरनेट. यंत्र बिघडल्यावर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि पैसे कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या योजनेत नाहीत, ती योजना उद्घाटनाच्या दिवशीच आजारी असते.

सहकाराचा अनुभव

सरकार मंद आणि बाजारपेठ निवडक, असे असेल तर तिसरा मार्ग सहकाराचा. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. कंपन्यांना विरळ वस्तीत तारा नेणे परवडत नव्हते. रूझवेल्ट सरकारने स्वस्त कर्जे दिली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि दोन दशकांच्या आत चित्र पालटले. त्याच धर्तीवर भारतात पाच प्रायोगिक सहकारी वीज संस्था निघाल्या. त्यांपैकी एक आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा आणि दुसरी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी. मुळा-प्रवरा संस्थेने ग्रामीण भागात वीज पोहोचविण्याचे मोलाचे काम केले. परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ साली तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र टिकून राहिली. म्हणजे सहकार हा रामबाण उपाय नव्हे. पण तो अशक्यही नाही. दर ठरविताना आणि वसुली करताना निवडणुकीचे राजकारण दूर ठेवता आले, तरच तो तग धरतो.

कायद्याने दिलेली संधी

सुदैवाने आता कायद्याची चौकट बदलली आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवा निधीचे 'डिजिटल भारत निधी'त रूपांतर केले आणि तसे करताना त्याची व्याप्ती वाढविली. पूर्वी हा निधी ग्रामीण व दुर्गम भागांसाठी होता. नव्या कायद्यात सेवेपासून वंचित असलेल्या शहरी भागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. चिखलोलीसारख्या वस्त्यांसाठी या एका शब्दाचे मोल फार मोठे आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत असूनही वंचित असणे शक्य आहे, हे संसदेने मान्य केले असा त्याचा अर्थ. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, ॲसिडहल्ल्याच्या बळी ठरलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे.

परंतु निधी आपणहून चालत येत नाही. त्यासाठी मागणी करावी लागते आणि मागणीसाठी माहिती लागते. कोणत्या वस्तीत किती घरे, किती जोडण्या, वेग किती, शाळा व दवाखाने जोडलेले आहेत की नाहीत, याची प्रभागवार पाहणी अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदांनी केली पाहिजे. हे काम परिसरातील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून अल्प खर्चात होऊ शकेल आणि विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे अर्थशास्त्रही कळेल.

दुसरी सूचना रस्त्यांविषयी. आपल्याकडे रस्ता आज होतो, उद्या जलवाहिनीसाठी खणला जातो आणि परवा तारेसाठी. नवा रस्ता करतानाच त्याच्या कडेला नगरपरिषदेने तारांसाठी एक रिकामी नळी टाकून ठेवावी व ती सर्व कंपन्यांना समान भाड्याने द्यावी. स्टॉकहोम नगरपालिकेने १९९४ पासून आपल्या मालकीचे तंतूंचे जाळे अशाच रीतीने भाड्याने देण्याचा मार्ग धरला. स्थिर खर्चाचा मोठा भाग असा सार्वजनिक झाला की पाड्यापर्यंत जाणे लहान केबलचालकालाही परवडू लागते. भाड्याच्या करारात वंचित वस्तीला सेवा देण्याची अट घालण्याचा अधिकारही त्यामुळे नगरपरिषदेकडे राहतो. केरळने विजेच्या खांबांचा आधार घेऊन २०२३ साली स्वतःचे जाळे सुरू केले आणि पहिल्या टप्प्यात १४ हजार गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरविले. तेथील कामाचा वेग अपेक्षेहून मंद राहिला हे खरे. पण दिशा चुकीची आहे असे म्हणता येत नाही.

तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालयांचे जे जाळे उभे राहिले, तसे फार थोड्या राज्यांत आहे. प्रत्येक घरी तार जाईपर्यंत प्रत्येक वाचनालयात आणि अभ्यासिकेत ती जावी, रात्री दहापर्यंत ती उघडी असावी, मुलींसाठी तेथे सुरक्षित जागा असावी. ज्या पिढीने वाचनालयातले वर्तमानपत्र वाचून नोकरीच्या जाहिराती शोधल्या, तिला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

उपग्रहावरून इंटरनेट येऊ घातले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक कंपनीशी त्यासाठी इरादापत्रही केले आहे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या दुर्गम जिल्ह्यांना त्याचा प्राधान्याने लाभ व्हावा हे योग्यच. परंतु मुंबईपासून लोकलने दीड-पावणेदोन तासांवर असलेल्या वस्तीला तारेऐवजी आकाशाकडे पाहावयास सांगणे, हे नियोजनाचे यश मानता येणार नाही. येथे तार जवळ आहे, निधी आहे, कायदाही अनुकूल आहे. उणीव आहे ती या वस्त्यांच्या वतीने हिशेब मांडून मागणी करणाऱ्या संस्थेची, आणि ते काम नगरपरिषदेचे आहे. दहावीची परीक्षा पाड्यावरच्या मुलाला आणि गृहसंकुलातल्या मुलाला एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर द्यावी लागते. त्या दिवसापर्यंत त्या दोघांना जवळपास सारखी साधने मिळावीत, एवढीच ही मागणी आहे.